विश्लेषण : समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मची ‘तब्येत’ कोण तपासतं? असे अभियंते घडवणं अवघड का आहे?

२६ जुलै २००५ ही तारीख मुंबईकर विसरलेले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी, शहर पाण्यातून सावरत असताना, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर अरबी समुद्रात दुसरी दुर्घटना घडली. तिची आठवण फार कमी जणांना आहे.

ओएनजीसीच्या ‘मुंबई हाय नॉर्थ’ प्लॅटफॉर्मजवळ ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज आलं होतं. जहाजावरचा एक स्वयंपाकी जखमी झाला होता आणि त्याला प्लॅटफॉर्मवर हलवायचं होतं. खवळलेल्या समुद्रात जहाज भरकटलं आणि त्याचा हेलिडेक गॅसच्या उभ्या पाइपला, म्हणजे रायझरला धडकला. गॅस गळला, पेटला आणि साधारण दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात कोसळला. २२ जणांचा जीव गेला, ३६२ जण वाचले.

समुद्रातलं लोखंड किती काळ आणि कशाकशासमोर टिकेल, हे सांगणाऱ्या अभियंत्यांची गरज अशा वेळी कळते. पण हे अभियंते नेमकं काय करतात? आणि त्यांना तयार करायला इतका वेळ का लागतो?

प्लॅटफॉर्म उभा कसा राहतो?

मुंबई हाय परिसरात समुद्राची खोली साधारण ७५ ते ८० मीटर आहे. एवढ्या पाण्यात पोलादी नळ्यांचा मोठा सांगाडा उभा करतात. त्याला ‘जॅकेट’ म्हणतात. जॅकेटच्या पायांमधून लांब पोलादी पाइल समुद्रतळात खोलवर ठोकलेल्या असतात. वरच्या डेकवर यंत्रं, विहिरींची तोंडं, काही ठिकाणी राहण्याच्या खोल्या आणि हेलिपॅड असतं.

या सांगाड्याला शत्रू बरेच आहेत. पहिला गंज. तो सगळ्यात जास्त लागतो तो पाण्याच्या पातळीजवळच्या पट्ट्यात, म्हणजे ‘स्प्लॅश झोन’मध्ये. तिथे लोखंड सतत भिजतं आणि वाळतं. खोल पाण्यातल्या भागासाठी अॅल्युमिनियमचे ‘अॅनोड’ बसवतात. ते स्वतः झिजतात आणि पोलाद वाचवतात. पण अॅनोड संपले आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर हे संरक्षणही संपतं.

दुसरा शत्रू थकवा, म्हणजे ‘फटीग’. दर सात सेकंदांना एक लाट धरली, तरी वर्षाला सुमारे ४५ लाख धक्के होतात. एकेक धक्का किरकोळ असतो, पण वेल्डिंगच्या जागी बारीक भेग पडायला तेवढं पुरतं. शिवाय नळ्यांवर शिंपले आणि शेवाळ चढतं. त्यामुळे नळी जाड होते आणि लाटेचा मार वाढतो. पायांजवळची वाळू वाहून जाते, वरून अवजड वस्तू पडतात, जहाजं घासतात.

सहा मिलिमीटरचं वेल्डिंग आणि १२३ मृत्यू

लहान चूक किती महाग पडते, याचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण नॉर्वेचं आहे. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर किलँड’ हा तरंगता प्लॅटफॉर्म उलटला. त्यावर २१२ लोक होते, त्यातले १२३ जण गेले.

चौकशीत कारण सापडलं ते एका आडव्या नळीत. त्या नळीला एक छोटं उपकरण बसवण्यासाठी आधार जोडला होता. त्याचं वेल्डिंग अवघं सहा मिलिमीटरचं होतं आणि नीट झालेलं नव्हतं. तिथून भेग सुरू झाली, वाढत गेली आणि एका वादळी संध्याकाळी नळी तुटली. तिचा भार बाकीच्या नळ्यांना पेलवला नाही. पाच पायांपैकी एक पाय निखळला.

धडा दुहेरी आहे. किरकोळ वाटणारा जोडही मुख्य सांगाड्याचाच भाग असतो. आणि एक नळी गेल्यावर बाकीचा सांगाडा तग धरेल का, हा प्रश्न आधीच विचारलेला असावा लागतो.

२५ वर्षं झाली, म्हणजे मुदत संपली का?

नाही. मुंबई हायचा शोध १९७४ मध्ये लागला आणि उत्पादन १९७६ मध्ये सुरू झालं. असे प्लॅटफॉर्म साधारण २५ वर्षं चालतील असं धरून डिझाइन करण्याची पद्धत होती. त्या हिशेबाने १९७० आणि ८० च्या दशकांतल्या प्लॅटफॉर्मनी ही मर्यादा केव्हाच ओलांडली आहे. पण तेल अजून आहे. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने या क्षेत्राचं उत्पादन वाढवण्यासाठी ‘बीपी’ कंपनीची तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड केली.

२५ वर्षं हा दुधाच्या पिशवीवरच्या तारखेसारखा आकडा नाही. नीट सांभाळलेला प्लॅटफॉर्म ४० वर्षंही चालू शकतो आणि दुर्लक्ष झालेला दहाव्या वर्षी धोकादायक ठरू शकतो. तो कोणत्या गटात बसतो हे ठरवण्याच्या शिस्तीला ‘स्ट्रक्चरल इंटेग्रिटी मॅनेजमेंट’, थोडक्यात ‘सिम’ म्हणतात. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने २०१४ मध्ये यासाठी ‘आरपी २ सिम’ ही स्वतंत्र मार्गदर्शिका काढली.

तिचं चक्र चार टप्प्यांचं आहे. माहिती गोळा करा, तिचा अर्थ लावा, पुढे काय आणि कधी तपासायचं ते ठरवा, मग तपासणी करा. तपासणीतून नवी माहिती मिळाली की चक्र पुन्हा सुरू. डेकवर वजन वाढलं, राहणाऱ्या माणसांची संख्या वाढली, नुकसान झालं किंवा लाटांचा जुना अंदाज कमी निघाला, तर सगळं गणित नव्याने करावं लागतं.

जमीनही बदलते. उत्तर समुद्रातल्या ‘एकोफिस्क’ क्षेत्रात तेल उपसल्यामुळे समुद्रतळच खचला. १९८७ मध्ये तिथले प्लॅटफॉर्म सहा मीटर वर उचलावे लागले.

मग हे कॉलेजात शिकवत नाहीत का?

थोडं शिकवतात. आयआयटी मद्रास आणि आयआयटी खरगपूर इथे समुद्र अभियांत्रिकीचे विभाग आहेत. ओएनजीसीची पनवेलची ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनीअरिंग अँड ओशन टेक्नॉलॉजी’ याच विषयात काम करते. गोव्यातल्या संस्थेत सुरक्षेचं प्रशिक्षण होतं.

अडचण वेगळी आहे. अभियांत्रिकीच्या पदवीत विद्यार्थी मुख्यतः नवीन वस्तू डिझाइन करायला शिकतो. कागद कोरा असतो, पोलादाची जाडी तो स्वतः ठरवतो. जुन्या प्लॅटफॉर्मचं मूल्यमापन करताना हाती येतात ते ४० वर्षांपूर्वीचे नकाशे, मधल्या काळातल्या दुरुस्त्या आणि डायव्हरने गढूळ पाण्यात काढलेला व्हिडिओ. नकाशातली जाडी आज उरलेली नसते. नकाशात नसलेली नळी मात्र जागेवर सापडते.

म्हणून या अभियंत्याला एकाच वेळी बरंच काही यावं लागतं. लाटांचं शास्त्र, पोलाद आणि वेल्डिंग, मातीचं वर्तन, संख्याशास्त्र. पोकळ नळीत पाणी शिरलंय का हे बाहेरून ओळखण्याची तपासणी कधी पुरेशी आणि कधी फसवी, हेही कळावं लागतं. ‘पुशओव्हर’ विश्लेषणात संगणकावर लाटेचा जोर वाढवत नेतात आणि सांगाडा किती पटीला कोसळतो ते पाहतात. सॉफ्टवेअर आकडा देतं. तो आकडा कशावर उभा आहे, हे माणसानेच तपासायचं असतं.

हे जागेवर गेल्याशिवाय येत नाही. आणि जागेवर जाणंही सोपं नाही. हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर बाहेर कसं यायचं, याचं प्रशिक्षण आधी घ्यावं लागतं. पाण्याखालची कामं पावसाळ्यात जवळपास ठप्प होतात. त्यामुळे शिकाऊ अभियंत्याला वर्षातले मोजकेच महिने मिळतात.

खरा पेच कुठे आहे?

पेच अधिकाराचा आहे. समजा, तिशीतल्या अभियंत्याला अहवालात एका जोडाजवळ भेग दिसली. दुरुस्तीसाठी उत्पादन थांबवायचं तर दिवसाला मोठं नुकसान. थांबवलं नाही आणि काहीच झालं नाही, तर त्याचा इशारा कुणाच्या लक्षातही राहणार नाही. थांबवलं नाही आणि भेग वाढली, तर वर झोपलेल्या माणसांना पळायला जागा नसते.

म्हणून चांगल्या प्रशिक्षणात गणितासोबत आणखी दोन गोष्टी शिकवाव्या लागतात. धोका व्यवस्थापकाला समजेल अशा भाषेत मांडणं, आणि ‘माहिती अपुरी आहे’ हे लेखी सांगणं. संस्थेने ते ऐकून घेण्याची सवय लावणं ही त्याची दुसरी बाजू. ती नसेल तर कोर्स कितीही केले तरी प्रमाणपत्रंच वाढतात.

पुढे काय?

गरज आता तेलापुरती राहिलेली नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. त्यात गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्याजवळ प्रत्येकी ५०० मेगावॉटचे प्रकल्प धरले आहेत. पवनचक्क्यांचे पायही समुद्रातच असतील आणि त्यांनाही गंज आणि थकवा चुकणार नाही.

मुंबई हायच्या जुन्या पोलादाने अर्ध्या शतकात जे शिकवलं, ते या नव्या कामाची शिदोरी ठरू शकतं. पण त्यातलं बरंचसं ज्ञान निवृत्तीला आलेल्या माणसांच्या डोक्यात आहे. ती माणसं घरी जाण्याआधी त्यांच्या शेजारी बसून शिकणारी पिढी तयार झाली, तरच ते टिकेल.