आवक चालू, जावक बंद



गेल्या पौर्णिमेला केदारखेड्याच्या विहारात वंदना आटोपली आणि शेजारच्या आजींची सून मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, आत्याबाई आठ दिवसांपासून जेवत नाहीत. मळमळतं, सगळं पिवळं दिसतं म्हणतात." घरात पित्त समजून लिंबूपाणी चालू होते. मी गोळ्यांची पिशवी मागवली. हृदयासाठी डिगॉक्सिन, ०.२५ मिलिग्रॅम, रोज एक. दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी दाखवून तीच गोळी आणणे चालू होते.

हे औषध डिजिटॅलिस जातीच्या झाडापासून मिळते. इंग्लंडच्या डॉ. विल्यम विदरिंग यांनी त्या झाडावर १७८५ साली पुस्तक लिहिले. आपल्या पिवळ्या कण्हेरीचे विष याच प्रकारचे, म्हणजे गुण आणि विष यांत अंतर थोडे! औषध बाहेर पडते ते मुख्यतः लघवीवाटे. मूत्रपिंड धड असेल तर दीड-दोन दिवसांत अंगातले निम्मे जाते. निकामी असेल तर त्यालाच चार-पाच दिवस लागतात. गोळी मात्र रोज पोटात जातेच. आम्हा कारकुनांना हा हिशेब लवकर कळतो.

आजींच्या रक्ताच्या कागदावर क्रिएटिनिन १.२ होते. घरचे म्हणाले, "नॉर्मल आहे." इथेच फसगत होते. १९७६ सालचे एक सूत्र आहे. १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागा. बाई असेल तर त्याचे ८५ टक्के धरा. तीस वर्षांच्या, ६५ किलोच्या गड्याला १.२ असताना उत्तर येते मिनिटाला सुमारे ८३ मिलिलिटर. सत्तर वर्षांच्या, ४० किलोच्या आजींना त्याच १.२ वर २७-२८. क्रिएटिनिन तयार होते मांसपेशींतून. जन्मभर रोजंदारीवर राबलेल्या बाईच्या अंगावर मांसच नाही, तर ते वाढणार कोठून?

मी डॉक्टर नाही. गोळी बंद करा, असे सांगणे माझे काम नव्हे. ती मनाने सोडणेही धोक्याचे. आजींना त्याच दुपारी जालन्याला नेले. नाडी ४४ भरली. डॉक्टरांनी पट्टी काढली, रक्तातले पोटॅशियम पाहिले आणि ठेवून घेतले. पुढे गोळी सुरू झाली ती कमी मात्रेने, दिवसाआड.

पिशवीत गुडघेदुखीच्या गोळ्यांची एक पुडीही निघाली. त्या मूत्रपिंडाला मारक. पण त्या डॉक्टरांना कोणी दाखवल्याच नव्हत्या.

येत्या पौर्णिमेला घरातल्या म्हाताऱ्यांच्या गोळ्यांची पिशवी, पुडीसकट, आणि रक्ताचे कागद विहारात आणा. वही घेऊन बसतो. कोणती गोळी कधीपासून, वजन किती, हे लिहून देतो. तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा.