कपाळ मोजण्याआधी

गणेशपुरी, अकलोली, वज्रेश्वरी या तानसा नदीकाठच्या गावांतली गरम पाण्याची कुंडे भिवंडी तालुक्यात सर्वांना ठाऊक आहेत. कुणी सांधेदुखी घेऊन तिथे येतो, कुणी त्वचेची तक्रार. दुखण्यातून सुटका व्हावी म्हणून माणूस खटपट करतो, त्यात गैर काही नाही. पण अलीकडे तरुण मुली, आणि मुलगेही, एक वेगळा प्रश्न विचारू लागले आहेत. दुखत काही नाही, केसही गळत नाहीत. फक्त कपाळ जन्मतः मोठे आहे. केसांची रेषा शस्त्रक्रियेने खाली आणता येते म्हणतात, तर आणावी का? मुस्लिम घरात त्याला आणखी एक प्रश्न जोडला जातो : हे जायज आहे का?

आधी शस्त्रक्रिया समजून घेऊ. एका पद्धतीत केसांच्या रेषेवर छेद घेतात, कपाळाच्या कातडीची पट्टी कापून काढतात आणि डोक्याची कातडी पुढे ओढून शिवतात. व्रण कायम राहतो, तो केसांआड लपेल अशी काळजी घेतली जाते. पुढे वयानुसार किंवा घराण्याच्या वळणाने केस मागे हटले, तर तोच व्रण उघडा पडतो. डोक्याच्या पुढच्या भागाला काही महिने बधिरपणा राहू शकतो. दुसरी पद्धत केशरोपणाची. लावलेले केस काही आठवड्यांत बहुधा गळतात, काही महिन्यांनी पुन्हा उगवू लागतात आणि पूर्ण परिणाम दिसायला वर्षभर लागू शकते. ईदच्या फोटोपुरती ही गोष्ट नाही.

धोका किरकोळ समजू नये. मार्च 2019 मध्ये मुंबईतल्या एका 43 वर्षांच्या व्यावसायिकाचा केशरोपणानंतर दोन-तीन दिवसांतच मृत्यू झाला. एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक केसमुळे लावल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्ट केले की हे काम योग्य प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच करावे. व्हिडिओ पाहून ते शिकता येत नाही. तेव्हा पाटीवरची सवलत वाचण्याआधी डॉक्टरची पदवी वाचावी.

आता धर्माचा प्रश्न. कुरआनच्या सूरह निसामध्ये अल्लाहच्या निर्मितीत फेरफार करण्याला सैतानाची फूस म्हटले आहे. या आधारावर अनेक जण लगेच ‘हराम’चा शिक्का मारून मोकळे होतात. पण हदीसमध्ये अरफजा (रजि.) या सहाबींची हकीकतही आहे. लढाईत त्यांचे नाक गेले. त्यांनी चांदीचे बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सोन्याचे बसवायला सांगितले. एरवी पुरुषाला सोने मना असूनही! मलेशियात 2007 मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या अधिवेशनाने हाच धागा धरला. जन्मजात दोष, अपघात, भाजणे यांवरची शस्त्रक्रिया जायज. गळालेल्या केसांच्या जागी, विशेषतः स्त्रीसाठी, केशरोपणही जायज. पण निरोगी, सर्वसाधारण चेहरा केवळ हौसेखातर बदलणे नाजायज.

आपला कायदाही जवळपास इथेच रेघ ओढतो. वैद्यकीय सेवांना जीएसटीतून सूट आहे. केशरोपण आणि सौंदर्यशस्त्रक्रियेला ती नाही. मात्र जन्मजात व्यंग, वाढीतला दोष किंवा इजा दुरुस्त करायची असेल तर सूट मिळते. मुफ्ती आणि करखाते दोघेही एकच विचारतात : हा इलाज आहे की बदल?

मोठे कपाळ हा आजार नाही. उर्दूत ‘कुशादा पेशानी’ हे कौतुकाचे शब्द आहेत आणि मराठीत ‘भव्य कपाळ’ विद्वत्तेचे लक्षण मानतात. मध्ययुगाच्या अखेरीस युरोपातल्या उच्चकुलीन स्त्रिया कपाळ मोठे दिसावे म्हणून पुढचे केस उपटून काढत. आज तेच कपाळ लहान करायला पैसे मोजले जातात. उपटलेले केस निदान पुन्हा आले असतील. कापलेली कातडी परत येत नाही.

मग निरोगी मुलीला आपले कपाळ दोष का वाटते? बहुतेक वेळा आरशाआधी कुणीतरी तसे बोललेले असते. ईदनंतर लग्नांचा मोसम सुरू होतो. मुलगी पाहून परतताना रिक्षात बायका म्हणतात, ‘सगळं छान आहे, पण कपाळ किती मोठं!’ हे आमच्या मोहल्ल्यातच घडते असे नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमानंतरही असेच बोलले जाते. त्या एका वाक्यासाठी बाप कर्जाचे हप्ते डोक्यावर घेतो आणि मुलगी टेबलावर झोपते.

रमजानमध्ये आम्ही पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी सोडतो. पण रोजा जिभेचाही असतो. हजरत आयशा (रजि.) यांनी एकदा हजरत सफिया (रजि.) यांच्या ठेंगणेपणाचा उल्लेख केला. प्रेषितांनी त्यांना समजावले की हा एक शब्द समुद्रात मिसळला तर त्याचे पाणीही गढूळ होईल. बोलणाऱ्या प्रेषितांच्या पत्नी होत्या, आणि त्यांनाही सूट मिळाली नाही. मग रिक्षातल्या खालाजानला ती कशी मिळेल?

म्हणून शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या मुलीला दटावू नका. तिच्याशी नीट बोला. केस खरोखर गळत असतील तर आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या. रक्तातल्या लोहाची कमतरता किंवा थायरॉइड हेही कारण असू शकते. तक्रार फक्त ठेवणीची असेल तर वर्षभर थांबायला सांगा. केस वेगळे विंचरून, पुढे थोडे कापून पाहता येतात; पटले नाही तर ते वाढतात. वर्षानंतरही तिचे मन तिथेच असेल तर तिने पात्र डॉक्टरला आणि जाणत्या आलिमला विचारावे.

आणि आपण बाकीच्यांनी, हिंदू असो वा मुसलमान, या महिन्यात निदान एवढे करावे : दुसऱ्याच्या लेकीचे कपाळ मोजायचे थांबवावे. त्याला ना पैसे लागतात, ना भूल द्यावी लागते.