खुराड्यातील राख आणि शासनाची जबाबदारी

आदिवासी स्त्रीने कोंबड्या पाळून स्वावलंबी व्हावे, हा उपदेश नाशिक जिल्ह्यात नवा नाही. आता त्याला ‘नैसर्गिक पद्धती’ची जोड मिळाली आहे. खुराड्यात राख पसरा, भिंतींना चुना लावा, कडुनिंबाचा पाला ठेवा, म्हणजे औषधाचा खर्च वाचेल, असे तिला सांगितले जाते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर हे शिकविण्याची गरज नाही. राखेत लोळलेल्या कोंबडीच्या उवा कमी होतात, खुराडे कोरडे राहिले की जंतांचा उपद्रव घटतो, हे तेथील सासू सुनेला सांगत आली आहे. या ज्ञानाचा आम्ही आदरच करतो.

पण राखेने मानमोडी जात नाही. सरकारी दप्तरात जिला राणीखेत म्हणतात, ती ही मानमोडी विषाणूमुळे होते. तिच्यावर उपाय नाही. आधी लस टोचणे वा पाजणे एवढेच हाती आहे. लसीची कुपी मात्र शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांसाठी असते. ती बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा मिसळली की काही तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या मालकिणीने ती कोठून आणावी आणि उरलेली कोठे ओतावी? साऱ्या पाड्याला एकाच दिवशी लस देणे हे एकटीचे काम नव्हे. ‘निसर्गा’चे नाव घेऊन शासन येथे आपले अंग काढून घेते.

रोगावर नजर ठेवण्याचेही तेच. नाशिक विभागातीलच नवापूर येथे २००६ साली कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा ही मानमोडीच असावी असे प्रथम सांगितले गेले. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचे निदान केले, आणि १८ फेब्रुवारीला देशातील पहिली साथ जाहीर झाली. त्यानंतर लाखो पक्षी मारावे लागले. २०२१ साली नवापुरात पुन्हा तोच प्रकार घडला.

मरतूक वेळीच का कळत नाही? कंत्राटी शेडमध्ये पिल्ले, खाद्य व औषध कंपनीचे. शेड, वीज, पाणी आणि घाम शेतकऱ्याचा. मरतुकीची नोंद कंपनीच्या वहीत जाते, गावाला तिचा पत्ता नसतो. परसातल्या कोंबडीची तर नोंदच नाही. बर्ड फ्लूची भरपाई मिळते ती शासनाने मारलेल्या पक्ष्यांची. रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे जिचे खुराडे सर्वांत आधी रिकामे झाले, तिने खबर द्यावी, स्वतः रिकाम्या हाताने बसावे आणि वर शेजाऱ्यांचे शिव्याशाप घ्यावेत! मग ती उरलेल्या कोंबड्या बाजारात नेते आणि रोग पुढच्या गावी पोचतो. दोष तिच्या अज्ञानाचा नाही, या हिशेबाचा आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. ठरलेल्या दिवशी प्रत्येक पाड्यावर मोफत लस. तालुक्याच्या दवाखान्यात मेलेल्या पक्ष्याची विनामूल्य तपासणी. कंपन्यांच्या मरतूक-नोंदी ग्रामसभेसमोर. आणि खबर देणाऱ्याला मेलेल्या पक्ष्यांचीही भरपाई. कार्यकर्त्यांनी पुढल्या ग्रामसभेत हे ठराव मांडावेत. राख पसरण्याचे काम आमच्या भगिनी करीतच आहेत. शासनाने आपल्या वाट्याचे काम करावे.