गाडी लहान, पण रस्ता तोच

सुगी आटोपली, तंबाखूचे अगर उसाचे पैसे हाती आले, की आपल्या भागात घरोघरी नव्या मोटरसायकलीची बोलणी सुरू होतात. मुलगा निपाणीला किंवा बेळगावला कॉलेजला अगर कामाला जाणारा असतो. त्याला मोठी, धडधडणारी गाडी हवी असते. वडील म्हणतात, "नको, शंभर सीसीची घे. पेट्रोल कमी खाते, आणि लहान गाडीला धोका नाही." यातले पहिले कारण खरे आहे, दुसरे खोटे आहे. आणि या खोट्या भरवशावरच आपण आपली मुले न शिकविता रस्त्यावर सोडतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लहान गाडीने शेतकऱ्याचे भले केले, हे आम्ही नाकारीत नाही. १९७२ साली लुना आली, १९८५ साली हिरो होंडाची शंभर सीसीची गाडी आली, आणि थोड्या पेट्रोलात गाव आणि बाजार जवळ आले. डेअरीला दूध, मळ्यावर खत, दवाखान्यात म्हातारी माणसे, सारे या गाडीवरूनच जाते. म्हणूनच तिच्याविषयी बोलणे जरूर आहे. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली शंभरातली सुमारे ४४ दुचाकीवरची होती. ही सगळी काही मोठ्या गाड्यांवर नव्हती. शंभर सीसीची गाडीसुद्धा ताशी ८० कि.मी. सहज पळते, आणि डांबरावर आपटणाऱ्या डोक्याला इंजिन किती सीसीचे होते हे कळत नाही.

उलट, लहान गाडीचे काही धोके तिचे स्वतःचेच आहेत. टायर बारीक, त्यामुळे चिखलात व खडीवर लवकर घसरते. इंजिनात जोर बेताचा, त्यामुळे हमरस्त्यावर ट्रकला मागे टाकावयास निघालेला मुलगा अर्ध्यात अडकतो. समोरून वाहन आले तर पुढे निघून जाण्याइतकी ताकद गाडीत उरलेली नसते. ज्याला ओलांडायचे तो बराच हळू चालला असेल आणि समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसत असेल, तरच बाहेर पडावे. नाहीतर मागे राहावे. मागे राहण्यात कमीपणा नाही.

आता शिकण्याविषयी. शिकाऊ परवाना काढल्यावर निदान ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. हे ३० दिवस नुसते वाट पाहण्याचे नाहीत, शिकण्याचे आहेत. पहिला आठवडा मोकळ्या माळावर किंवा पाणंदीत घालवावा. क्लच सोडणे, हळू चालविणे, वळणे, थांबणे, एवढेच करावे. दुसऱ्या आठवड्यात गावचा रस्ता, तोही दिवसा. त्यानंतर बाजारचा रस्ता, घरातील जाणत्या माणसाला मागे बसवून. हमरस्ता, रात्र आणि पाऊस या तिन्ही गोष्टी शेवटी, आणि एकेक करून. शिकविणारा सोडून दुसऱ्या कोणाला या काळात मागे घेऊ नये.

ब्रेकविषयी आपल्याकडे एक गैरसमज फार रुजला आहे. "पुढचा ब्रेक मारू नकोस, पालथा पडशील," असे थोरलेच शिकवितात. वस्तुस्थिती अशी की गाडी थांबताना बरेचसे वजन पुढच्या चाकावर येते, म्हणून थांबविण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकदम लावावेत. पुढचा झटक्याने न ओढता, पिळे काढतो तसा हळूहळू आवळत न्यावा. वळणाचा वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात ब्रेक दाबू नये. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक जोडून द्यावेत असा नियम झाला आहे. पण घरात जुनी गाडी असेल तर ती सोय नाही, हे मुलाला सांगावे. तवंदीचा घाट उतरताना पेट्रोल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करणारे पुष्कळ आहेत. असे कधी करू नये. गिअर घातला की इंजिनच गाडीला आवरते. नाहीतर सारा भार ब्रेकवर पडून तो तापतो आणि नेमका वेळेला धरत नाही.

आपल्या भागातला सर्वांत मोठा धोका मात्र गळिताच्या हंगामात, अंधार पडल्यावर असतो. उसाने भरलेल्या दोन दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर जातो. मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला असतो, नाहीतर उसाच्या वाड्याने झाकलेला असतो. बैलगाडीला तर बहुधा काहीच नसते. ताशी ६० कि.मी. वेगात गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते, म्हणजे डोळ्यांनी पाहून हात ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढे अंतर गेले. पुढे कोरड्या डांबरावर थांबावयास आणखी २० ते २५ मीटर लागतात. तोच वेग ४० ठेवला तर सारे मिळून २० ते २२ मीटरांत काम भागते. आपला दिवा जेवढे दाखवितो, तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग रात्री ठेवावा. हा एक नियम पाळला तरी पुष्कळ घरे वाचतील.

अशाच एका घरी आम्ही सांत्वनाला जाऊन बसलो होतो. भिंतीला खुंटीवर नवे हेल्मेट टांगलेले होते, त्यावरचा प्लास्टिकचा कागदही काढलेला नव्हता. "मळ्यावरच तर जायचे होते," एवढेच त्या माउलीने म्हटले. आम्हांला उत्तर सुचले नाही.

म्हणून सांगतो, जवळ जाताना हेल्मेट नको ही समजूत सोडावी. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेता असे दिसले आहे, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका शेकडा सुमारे ४२ आणि डोक्याला इजा होण्याचा धोका शेकडा सुमारे ६९ कमी होतो. हेल्मेट आयएसआय छापाचे घ्यावे आणि हनुवटीखालचा पट्टा लावावा. पट्टा न लावलेले हेल्मेट डोक्याआधी उडून जाते. गाडी घेताना हेल्मेटे दोन घ्यावीत. मागे बसणाऱ्या बायकोचे डोके काही वेगळ्या हाडाचे नाही.

आता आपल्या चर्चच्या आवारातलीच गोष्ट. रविवारी एका गाडीवर नवरा, बायको आणि दोन मुले येतात, एक मूल टाकीवर. कायद्याप्रमाणे मागे एकच माणूस बसवता येतो. सगळ्यांच्या घरी दोन गाड्या नाहीत, हे आम्ही जाणतो. तरीपण दोन खेपा कराव्यात, नाहीतर बसने यावे. मागे बसणाऱ्या स्त्रीने पदर व ओढणी आवरून कमरेला खोचावी, साडी गार्ड काढून टाकू नये. वैरणीचा भारा अगर दुधाचे कॅन न्यावयाचे असतील तर वजन दोन्ही बाजूंना सारखे ठेवावे, आणि ओझे असताना थांबण्यास जास्त अंतर लागते हे ध्यानात धरावे.

पालकांना आणखी एक सांगणे आहे. अठरा वर्षे पुरी होण्याआधी मुलाच्या हाती गिअरची गाडी देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक अगर मालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. परवाना नसलेल्या मुलाच्या हातून कोणी जखमी झाले, तर विमा कंपनीला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करता येते. मग ती रक्कम शेत विकून द्यावी लागते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीचा तृतीय पक्ष विमा पाच वर्षांचा निघतो, त्यामुळे तो कधी संपला ते पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. आजच कागद काढून तारीख पाहावी.

शेवटी, दोष सारा पोरांचाच नाही. ती ट्रॉली आपलीच असते. शेतातून ट्रॅक्टर बाहेर काढताना रस्त्यावर पडलेला चिखल आपलाच, मळणीसाठी डांबरावर पसरलेली कणसे व सोयाबीनही आपलेच. बारीक टायरची गाडी त्यावर घसरते आणि पडणारा पोरगा शेजाऱ्याचा असतो. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवावी आणि रोज फडक्याने पुसावी, चिखल फावड्याने ओढून काढावा, मळणी खळ्यावरच करावी. याला फारसा पैसा लागत नाही.

नवा बैल जुवाला लावताना आपण त्याला महिनाभर सराव देतो, पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपत नाही. मुलाच्या बाबतीत मात्र किल्ली हातात ठेवून आपण मोकळे होतो. यंदा ज्यांच्या घरी नवी गाडी येणार आहे, त्यांनी त्या किल्लीबरोबर आपला एक महिनाही द्यावा, एवढीच आमची विनंती आहे.