आधी ऑर्काचा घास, मग कोटा

सिएटलपासून व्हँकुव्हरपर्यंत राहणाऱ्या मराठी माणसांसाठी जाहीर पत्रक



बेलव्ह्यू, रेडमंड, सरे, बर्नाबीत आपण घरं केली. मुलं इथल्या शाळांत वाढताहेत. गावाकडून आई-वडील आले की आपण त्यांना सान हुआन बेटांकडे ऑर्का दाखवायला नेतो. हे पत्रक तिथल्या एका प्रकारच्या ऑर्कांबद्दल आहे. ते उपाशी आहेत आणि त्यांचा घास कुठे जातो हे माहीत असूनही तो थांबवला जात नाही, म्हणून हे लिहावं लागत आहे.

प्युजेट साउंड, हुआन दे फुका आणि जॉर्जियाच्या सामुद्रधुन्या मिळून जो सेलिश समुद्र होतो, तिथे दक्षिणेकडच्या रहिवासी ऑर्कांची तीन कुळं पिढ्यान्‌पिढ्या येत आली आहेत. त्यांना जे, के आणि एल अशी नावं आहेत. १९६० आणि ७० च्या दशकांत मत्स्यालयांसाठी त्यांची पिल्लं जाळ्यात धरून विकली गेली. ऑगस्ट १९७० मध्ये पेन कोव्हला पकडलेली टोकिटे मायामीच्या एका टाकीत अर्धशतकाहून अधिक काळ राहिली आणि २०२३ मध्ये तिथेच मेली. एवढं सोसूनही ही कुळं सावरली होती. १९९५ साली त्यांची संख्या ९८ होती. मग ती घसरू लागली. कॅनडाने २००३ मध्ये आणि अमेरिकेने २००५ मध्ये त्यांना कायद्याने संकटग्रस्त ठरवलं, तरी घसरण थांबली नाही. २०२४ च्या मोजणीत ७३ भरले.

हे ऑर्का सील खात नाहीत, डॉल्फिन खात नाहीत. ते मासे खातात आणि माशांतही मुख्यतः चिनूक सॅमन, म्हणजे बाजारात ‘किंग सॅमन’ म्हणून मिळतो तो. शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं पाण्यावर तरंगणारे माशांचे खवले गोळा केले. विष्ठेचा वास घेणारी शिकवलेली कुत्री होडीत बसवून नमुने मिळवले. उन्हाळ्यातल्या आहारात चिनूकचा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त निघतो. चिनूक हा सॅमनमधला सगळ्यांत मोठा आणि चरबीदार मासा. प्रौढ ऑर्काला दिवसाला असे १८ ते २५ मासे लागतात. शिकार मिळाली की हे प्राणी ती वाटून खातात. थोरल्या माद्या कळपाच्या पुढे राहून माशांकडे नेतात आणि आया मोठ्या झालेल्या मुलग्यांनाही आपल्या तोंडातला मासा देतात.

मासा मिळेनासा झाला की काय होतं, हे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सॅम्युअल वासर आणि सहकाऱ्यांनी त्याच विष्ठेतल्या हार्मोनांवरून २०१७ मध्ये दाखवलं. २००८ ते २०१४ या काळात ओळखता आलेल्या गर्भधारणांपैकी ६९ टक्क्यांपर्यंत वाया गेल्या होत्या. ऑर्काचा गर्भ दीड वर्ष पोटात वाढतो, म्हणून प्रत्येक नुकसान भरून यायला वर्षं जातात. जे-३५ म्हणजे तालेक्वा या मादीने २०१८ च्या उन्हाळ्यात जन्मल्यावर थोड्याच वेळात मेलेलं पिल्लू १७ दिवस डोक्यावर वाहून नेलं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तिचे फोटो छापले. २०२५ च्या पहिल्या दिवसांत तिच्यावर पुन्हा तीच वेळ आली.

आता नेहमीची उत्तरं ऐकू येतील. जहाजांचा गोंगाट आहे, पाण्यात पीसीबीसारखी विषं आहेत, एवढ्या लहान कुळांत रक्त फार जवळचं झालं आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तिन्हींवर काम व्हायला हवं. पण त्याच पाण्यात बिग्ज ऑर्का नावाचे दुसरे ऑर्काही राहतात. ते सील आणि समुद्रसिंह खातात. जहाजांचा गोंगाट त्यांनाही ऐकावा लागतो आणि सील खाल्ल्यामुळे त्यांच्या चरबीत विष उलट जास्त साठतं. तरी त्यांची संख्या वाढते आहे, कारण १९७० च्या दशकातल्या कायद्यांनी सीलची शिकार थांबली, सील वाढले आणि त्यांचं ताट भरलं. पाहुण्यांना आपण आज होडीतून दाखवतो ते बहुतेक वेळा हेच ऑर्का असतात. उपाशी ऑर्का स्वतःची चरबी जाळतो आणि त्या चरबीत साठलेलं विष रक्तात उतरतं. गोंगाटात त्याला मासा ऐकू येत नाही आणि मासा आधीच विरळ असला की प्रत्येक चुकलेली शिकार महाग पडते. भुकेवर उपाय केला की विष आणि गोंगाट यांचा मारही हलका होतो.

चिनूक कमी का झाले? धरणं, तोडलेली जंगलं, गाळाने भरलेल्या नद्या, तापलेलं पाणी. प्युजेट साउंडचे चिनूक १९९९ पासून स्वतःच संकटग्रस्तांच्या यादीत आहेत. स्नेक नदीच्या खालच्या टप्प्यावरची चार धरणं काढावीत ही मागणी जुनी आणि योग्य आहे. एल्वा नदीवरची धरणं २०१४ पर्यंत निघाली, क्लॅमथवरची चार २०२४ पर्यंत निघाली. स्नेकबद्दल मात्र २०२३ मध्ये झालेला करार २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारने मोडला. धरण काढायला दशकं लागतात आणि ऑर्कांच्या हाती दशकं नाहीत. मासेमारीचा नियम मात्र एका हंगामात बदलता येतो. म्हणून आमचा भर मासेमारीवर आहे.

फ्रेझर, कोलंबिया आणि प्युजेट साउंडच्या नद्यांत जन्मलेला चिनूक समुद्रात उतरतो, व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरच्या अंगाने उत्तरेला जातो आणि थेट अलास्काच्या आखातापर्यंत चरत मोठा होतो. काही वर्षांनी तो आपल्याच नदीकडे परत फिरतो. त्याच्या परतीच्या वाटेवर ऑर्का असतात. पण ती वाट संपण्याच्या कितीतरी आधी आग्नेय अलास्का आणि ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर ट्रोल होड्या उभ्या असतात. गळांच्या लांब दोऱ्या पाण्यात सोडून होडी सावकाश चालवत ठेवायची, अशी ही पद्धत. गळाला लागणारा मासा कोणत्या नदीचा, पैदास केंद्रात वाढवलेला की रानटी आणि जवळजवळ नाहीसा झालेला, हे गळाला कळत नाही. आग्नेय अलास्कात पकडल्या जाणाऱ्या चिनूकपैकी बहुसंख्य अलास्काचे नसतातच. ते ब्रिटिश कोलंबिया, वॉशिंग्टन आणि ओरेगनच्या नद्यांचे असतात. त्यांतले अनेक अजून वयातही आलेले नसतात. जो मासा समुद्रात जास्त वर्षं काढतो, तो जास्त हंगाम गळांसमोरून जातो, म्हणून वयाने मोठे होणारे मासे आधी संपतात. चिनूकचा सरासरी आकार आज पूर्वीपेक्षा लहान आहे. त्याला इतरही कारणं आहेत, पण हे एक कारण आपल्या हातातलं आहे. मासा लहान झाला की तेवढंच पोट भरायला ऑर्काला जास्त शिकारी कराव्या लागतात.

कोणी किती पकडायचं हे १९८५ च्या पॅसिफिक सॅमन करारानुसार अमेरिका आणि कॅनडा ठरवतात. २०१९ मध्ये लागू झालेल्या सुधारणेने अलास्काची पकड कमाल ७.५ टक्के आणि व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेची पकड कमाल १२.५ टक्के कमी केली. या वाटपात दोन देश, राज्यं, आदिवासी राष्ट्रं, व्यापारी होड्या आणि हौशी गळवाले या सगळ्यांचे आकडे आहेत. ऑर्कांच्या नावाने राखून ठेवलेला आकडा नाही. पंगतीत ज्याचं पानच मांडलेलं नाही, त्याच्यासाठी भांड्यात काही उरेल या भरवशावर वाढपी चालले आहेत.

वाइल्ड फिश कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने २०२० मध्ये सिएटलच्या संघीय न्यायालयात यावरच दावा लावला. अलास्कातल्या पकडीमुळे ऑर्कांचं अन्न घटतं, हे सरकारी मत्स्य विभागाच्या अहवालातच लिहिलं होतं. त्यावर उतारा म्हणून पैदास केंद्रांतून चिनूकची जास्त पिल्लं सोडू, असं विभागाने म्हटलं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने हा अनिश्चित उतारा कायद्याला धरून नाही असं ठरवलं. मे २०२३ मध्ये हिवाळी आणि उन्हाळी ट्रोलची परवानगी देणारा भाग रद्द झाला. पण जून २०२३ मध्ये, उन्हाळी हंगामाच्या तोंडावर, अपील न्यायालयाने स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तो आदेश उलटवला. अहवालात दोष नव्हता, असं मात्र अपील न्यायालयाने म्हटलं नाही. मासेमारी बंद करण्याचा उपाय फार कडक आहे, किनाऱ्यावरच्या गावांचं नुकसान होईल, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

त्या गावांशी आमचं वैर नाही. सिटकासारख्या ठिकाणी एकेका कुटुंबाची एकेक होडी असते. धरण त्यांनी बांधलं नाही आणि शिक्षा आम्हालाच का, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. त्यांचा दुसरा मुद्दा असा की ट्रोल पूर्ण थांबवला तरी ऑर्कांचं अन्न थोड्याच टक्क्यांनी वाढेल. हेही खरं आहे. पण रॉबर्ट लेसी आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या गणितानुसार गोंगाट निम्म्यावर आणला आणि चिनूक १५ टक्क्यांनी वाढले, तर ही कुळं सावरण्याच्या वेगाने वाढू शकतात. १५ टक्के एका जागेवरून मिळणार नाहीत. थोडे अलास्कातून, थोडे ब्रिटिश कोलंबियातून, थोडे वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावरून आणि पुढे धरणांतून, असेच जमवावे लागतील. ‘आमचा वाटा लहान’ हे उत्तर प्रत्येकाने दिलं की काहीच जमत नाही. आजवर तेच झालं आहे.

काही शास्त्रज्ञ दाखवतात की उन्हाळ्यात सेलिश समुद्रात चिनूक उत्तरेकडच्या रहिवासी ऑर्कांच्या भागापेक्षा कमी नाहीत आणि उत्तरेकडचे ऑर्का तर वाढत आहेत. हा आक्षेप आम्ही टाळत नाही. पण दक्षिणेकडचे ऑर्का वर्षभर या समुद्रात राहत नाहीत. हिवाळ्यात आणि वसंतात ते बाहेरच्या किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियापर्यंत भटकतात. एका ऋतूतलं ताट पाहून वर्षाची भूक मोजता येत नाही.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा नियम बघा. २०२१ मध्ये पॅसिफिक मत्स्य व्यवस्थापन परिषदेची दुरुस्ती मंजूर झाली. तेव्हा ठरलं, की ओरेगनमधल्या फाल्कन भूशिराच्या उत्तरेला चिनूक ९,६६,००० पेक्षा कमी असतील असा अंदाज आला, तर त्या वर्षी ऑर्कांसाठी जादा निर्बंध लागतील. हा आकडा सर्वांत कमी मासे असलेल्या सात वर्षांची सरासरी काढून ठरवला होता. म्हणजे सर्वांत वाईट दिवस आल्याशिवाय नियम जागा होत नाही. कॅनडाने २०१८ पासून हुआन दे फुका, गल्फ बेटं आणि फ्रेझरच्या मुखाशी ऑर्कांच्या जेवणाच्या जागी उन्हाळ्यात सॅमन मासेमारी बंद ठेवायला सुरुवात केली. ते पाऊल चांगलं आहे. पण ऑर्का तिथे येईपर्यंत मासा उरला असेल, तरच त्या बंदीला अर्थ.

म्हणून आमची मागणी. मासेमारी थांबवा असं आम्ही म्हणत नाही, तिची जागा बदला असं म्हणतो. चिनूक भर समुद्रात, सगळ्या नद्यांची सरमिसळ झालेली असताना पकडू नये. तो ऑर्कांच्या पुढून निघून आपल्या नदीच्या मुखाशी आला की पकडावा. तिथे तो पूर्ण वाढलेला असतो, कोणत्या नदीचा हे कळतं, आणि ज्या नदीत मासे पुरेसे परतले नाहीत तिथे त्या वर्षी हात आवरता येतो. ही कल्पना नवी नाही. लमी आणि इतर सेलिश आदिवासी शतकानुशतकं किनाऱ्याजवळच्या रीफनेट जाळ्यांनी मासे धरत आले. नको तो मासा जिवंत परत सोडता येतो, असं ते जाळं आहे. १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांच्या निकालाने तह केलेल्या आदिवासी राष्ट्रांना परतणाऱ्या, पकडता येण्याजोग्या माशांचा अर्धा वाटा मिळाला. समुद्रातली पकड कमी झाली तर तो अर्धा वाटा मोठा होईल. आणि ज्या ट्रोल होड्यांचा हंगाम जाईल, त्यांना दोन्ही सरकारांनी भरपाई द्यायलाच हवी. भरपाईशिवाय ही मागणी आम्ही करत नाही.

आपल्यापैकी जे कोकणातून आले, त्यांना बंद हंगाम कोणी समजावून सांगायची गरज नाही. पावसाळ्यात माशांच्या विणीसाठी होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून दर्याला पुन्हा साद घातली जाते. पर्ससीन आणि एलईडीच्या मासेमारीविरुद्ध रत्नागिरी-सिंधुदुर्गातले पारंपरिक मच्छीमार का उभे राहिले, तेही आपल्याला माहीत आहे. तीच समज इथे वापरा.

पॅसिफिक सॅमन करारातल्या चिनूकच्या प्रकरणाची मुदत २०२८ अखेर संपते. पुढची कलमं त्याआधी ठरणार आहेत आणि करार चालवणाऱ्या आयोगाचं कार्यालय व्हँकुव्हरमध्येच आहे. पॅसिफिक परिषद दरवर्षी मार्च आणि एप्रिलमध्ये हंगाम ठरवते आणि लोकांची लेखी मतं घेते. व्हिसावर असलात आणि मतदानाचा हक्क नसला, तरी तिथे लिहायला आणि बोलायला नागरिकत्व लागत नाही. दुकानात किंग सॅमन दिसला तर कुठे आणि कसा पकडला ते विचारा. भर समुद्रातल्या ट्रोलचा असेल तर घेऊ नका, पिंक किंवा सॉकाय घ्या.

लिहिताना एवढं लिहा: नव्या करारात कोटा वाटण्याआधी दक्षिणेकडच्या रहिवासी ऑर्कांचा वाटा आकड्यात वेगळा काढावा, चिनूकची पकड समुद्रातून नदीमुखाकडे न्यावी आणि बाधित मच्छीमारांना भरपाई द्यावी. खाली नाव आणि गाव घाला. हे पत्रक वाचून झालं की शेजारच्या घरी द्या.