हत्तिणीच्या पायांकडे लक्ष गेले, गर्भाशयाचे काय?

शिरोळ तालुक्यातील नांदणी येथील जैन मठाची हत्तीण महादेवी ऊर्फ माधुरी हिला जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशानुसार जामनगरच्या ‘वनतारा’ केंद्रात हलविण्यात आले आणि कोल्हापूर जिल्हा ढवळून निघाला. श्रद्धा, परंपरा आणि प्राणिहक्क यांवर हिरिरीने वाद झडले. तिच्या पायांची दुखणी, वाढलेली नखे आणि एकटेपण यांचीही चर्चा झाली. परंतु लहानपणापासून एकट्या पाळलेल्या हत्तिणींना ग्रासू शकणारी आणखी एक व्याधी या गदारोळात दुर्लक्षितच राहिली. ती म्हणजे गर्भाशयातील गाठी. महादेवीला हा आजार होता, असे मुळीच नव्हे. प्रश्न तिच्यासारख्या सर्वच हत्तिणींचा आहे.

बारामती-इंदापूरच्या दूधपट्ट्यातील शेतकऱ्याला यातील मर्म चटकन उमजेल. गाय २१ दिवसांनी पुन्हा माजावर आली, की ती गाभण राहिली नाही हे तो ओळखतो. दोन-तीनदा उलटली, की डॉक्टरला बोलावतो. हत्तिणीचे ऋतुचक्र १३ ते १७ आठवड्यांचे असते आणि त्याची बाह्य लक्षणे माणसाच्या सहसा नजरेस येत नाहीत. जंगलातील हत्तीण वयात आल्यावर लवकरच गाभण राहते. सुमारे २२ महिन्यांचे गर्भारपण, त्यानंतर पिल्लाचे दूध पिणे यांमुळे दोन वेतांत चार-पाच वर्षांचे अंतर पडते. साहजिकच तिच्या वाट्याला माजाची चक्रे मोजकीच येतात. नराविना ठेवलेल्या हत्तिणीचे चक्र मात्र वर्षाला तीन-चार वेळा, दशकानुदशके चालूच राहते. २५ वर्षांत हा आकडा ७५च्या पुढे जातो.

संप्रेरकांच्या या अखंड माऱ्याचा संबंध शास्त्रज्ञ गर्भाशयातील गाठींशी जोडतात. युरोप-अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत, विशेषतः कधीही न व्यालेल्या आशियाई हत्तिणींमध्ये, स्नायूंच्या अशा गाठी मोठ्या प्रमाणावर आढळल्या आहेत. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण त्या वाढल्या, की वंध्यत्व, रक्तस्राव आणि वेदना ओढवू शकतात. येथे एक विरोधाभासही दिसतो. कर्करोगाला अटकाव करणाऱ्या पी-५३ जनुकाच्या सुमारे २० प्रती हत्तीजवळ असल्याचे २०१५ मध्ये स्पष्ट झाले. माणसाजवळ ती एकच असते. एवढे कवच लाभलेल्या प्राण्यालाही गाठींपासून सुटका नाही.

निदानही सोपे नाही. गायीप्रमाणे हात घालून हत्तिणीचे गर्भाशय चाचपता येत नाही. त्यासाठी गुदमार्गातून सोनोग्राफी करावी लागते. हे तंत्र बर्लिनच्या वन्यजीव संशोधन संस्थेतील तज्ज्ञांनी विकसित केले. संप्रेरके दाबणारी लस काही परदेशी प्राणिसंग्रहालयांत वापरून पाहिली गेली आहे. परंतु गाठ असल्याचे कळल्यावरच उपचाराचा प्रश्न येतो.

म्हणून प्रत्येक हत्तिणीला वेतास लावावे काय? तसे केल्यास बंदिवासात आणखी हत्तींची भर पडेल. गडचिरोलीतील कमलापूरच्या सरकारी हत्ती कॅम्पमध्ये पिल्ले जन्मली, काही दगावलीही. प्रजनन हा हलक्यात घेण्याचा विषय नव्हे. त्याहून व्यवहार्य मार्ग आहे. पाळीव हत्तिणींच्या नियमित आरोग्य तपासणीत सोनोग्राफीचा समावेश व्हावा, माजाची नोंद ठेवली जावी आणि मृत्यूनंतर गर्भाशयाची तपासणी होऊन तिचे निष्कर्ष जाहीर व्हावेत. पशुवैद्यकीय महाविद्यालये आणि वनखाते यांनी मनावर घेतले, तर हे अशक्य नाही.

वन्यजीव कायद्यातील २०२२ची दुरुस्ती आणि हत्ती हस्तांतरणाचे २०२४चे नियम यांमुळे पाळीव हत्ती एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याची वाट अधिक मोकळी झाली आहे. मालकी कोणाची, हा वाद न्यायालये सोडवतील. हत्तीण मठात असो, कॅम्पमध्ये असो वा खासगी केंद्रात, तिच्या पोटातील गाठ जागा बदलल्याने विरत नाही. गोठ्यातल्या गायीची जेवढी निगा राखली जाते, तेवढी तरी पूजेतल्या हत्तिणीच्या वाट्याला यावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.