सेवेला नियम हवा, मर्जी नको

इंग्रज मिशनरी विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली छापून निघाले आणि पाच वर्षांनी त्याचा मराठी-इंग्रजी शब्दकोश. कोशातले मराठी शब्द मोडी खिळ्यांनी जुळवलेले होते आणि या कामात पंडित वैजनाथ शर्मा कॅरीच्या शेजारी बसत. मराठी मुद्रणाचा इतिहास सांगताना ही दोन्ही पुस्तके आपण आदराने मोजतो. ती पुण्यामुंबईत न निघता दूर बंगालमधल्या श्रीरामपुरात का निघाली, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. त्याच्या मुळाशी एक साधा सरकारी कागद होता: राहण्याचा परवाना.

कॅरी १७९३ साली कलकत्त्याला उतरला तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना त्याच्यापाशी नव्हता. कंपनीच्या मुलखात व्यापाऱ्याला, शिपायाला, कारकुनाला जागा होती. धर्म सांगायला आणि शाळा काढायला आलेल्याला नव्हती. कॅरी निळीच्या कारखान्याचा व्यवस्थापक झाला आणि त्या नात्याने राहिला. १७९९ साली त्याचे सहकारी आले ते कंपनीच्या हद्दीत न थांबता हुगळीकाठच्या श्रीरामपुरात गेले, कारण तिथे डेन्मार्कचा झेंडा होता. १८०० साली कॅरीही तिथे गेला आणि छापखाना उभा राहिला. पुढे त्याच कंपनीने फोर्ट विल्यम कॉलेजात आपल्या अधिकाऱ्यांना बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवायला कॅरीलाच पगारावर नेमले. निळीचा माणूस चालला, पगारी मास्तर चालला. आपणहून सेवेला आलेला तेवढा चालला नाही. परक्या पाहुण्याबद्दलचा सत्तेचा हा हिशेब दोनशे वर्षांत फारसा बदललेला नाही.

व्यापाऱ्याचा हेतू त्याच्या वहीत दिसतो. नोकरदाराचा हेतू नेमणूकपत्रात दिसतो. मोबदला न घेता काम करायला समुद्र ओलांडून आलेल्या माणसाचा हेतू असा कुठेच लिहिलेला सापडत नाही, म्हणून राज्यकर्ता बिचकतो. हा संशय अगदीच निराधार म्हणता येत नाही. आपल्या घरात कोण येतो, कशासाठी येतो, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे. खरा प्रश्न पुढचा आहे: तो हक्क लिहिलेल्या नियमाने वापरायचा की अधिकाऱ्याच्या मर्जीने?

मुंबईने या प्रश्नाचे दोन्ही चेहरे एकाच वर्षी पाहिले. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईत आले. कलकत्त्याहून त्यांना आधीच जायला सांगितले होते. मुंबईतही विलायतेच्या जहाजात बसवून देण्याचा हुकूम झाला. ते गुपचूप कोचीनला निघून गेले, तिथून त्यांना परत आणले गेले. अखेर गव्हर्नर इव्हान नेपियन यांना लिहिलेल्या विनंतीपत्रांनी काम केले आणि त्यांना राहू दिले. एका गव्हर्नराचे मन वळले म्हणून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले, आणि त्याच मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढली. मन वळले नसते तर? १८१३ सालीच लंडनच्या पार्लमेंटने कंपनीची सनद नवी केली आणि उपयुक्त ज्ञान व धर्मनीतीच्या प्रसारासाठी हिंदुस्थानात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी परवान्याची तरतूद कायद्यात घातली. कंपनीच्या संचालकांनी नकार दिला तर वरच्या बोर्ड ऑफ कंट्रोलकडे दाद मागता येऊ लागली. अट लिहिलेली, नकार आला तर दाद मागायची जागा ठरलेली: व्यापाराबाहेरच्या पाहुण्यासाठी आपल्या भूमीवर ही सोय तेव्हा पहिल्यांदा झाली.

त्यानंतरचे शतक तुलनेने मोकळे गेले. पहिल्या महायुद्धाने दारे लावली. हेरांच्या भीतीने पासपोर्ट सक्तीचा झाला आणि युद्ध संपल्यावरही तो गेला नाही. १९२० साली आपल्याकडेही प्रवेशासाठी पासपोर्टाचा कायदा आला. योगायोग असा की त्याच १९२० साली पियेर सेरेझोल या स्विस माणसाने फ्रान्समधल्या व्हर्दनजवळ, तोफांनी उद्ध्वस्त केलेल्या एस्न गावात, निरनिराळ्या देशांतल्या तरुणांना जमवून घरे बांधायला घेतली. त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संघटना जन्मली. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर सेरेझोल स्वतः काही स्वयंसेवक घेऊन बिहारात आला आणि गावे पुन्हा वसवायला राबला. स्वातंत्र्यानंतर याच संघटनेचे तरुण वरोऱ्याच्या माळावर बाबा आमट्यांच्या आनंदवनात पोहोचले. ज्या काळात कुष्ठरोग्याच्या हातचे पाणी गावात कोणी घेत नसे, त्या काळात परदेशातली मुले आनंदवनात दवाखान्याच्या भिंती बांधत होती. त्या भिंतींचे मोल विटांपेक्षा मोठे होते. परक्यांना चालते ते आपल्याला का चालू नये, हा प्रश्न त्या भिंतींनी भोवतालच्या गावांना विचारला.

देवाणघेवाण एकाच बाजूने झाली असेही नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर १९३८ साली काँग्रेसच्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. कोटणीस परत आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते तिथेच वारले. आज त्यांचे नाव दोन्ही देशांत घेतले जाते.

स्वतंत्र भारतातही मर्जीचा काळ बराच चालला. १९६७ पर्यंत भारतीय नागरिकाला पासपोर्ट द्यावा की नाही हे सरकारच्या इच्छेवर होते; त्यासाठी कायदाच नव्हता. सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला आणि कायद्याशिवाय तो अडवता येणार नाही असे ठरवले. त्याच वर्षी संसदेने पासपोर्ट कायदा केला. बाहेर जाणाऱ्याला असे संरक्षण मिळाले. आत येणाऱ्याचे काय, याचे उत्तर पुढच्याच वर्षी मनमाडने पाहिले.

फादर व्हिन्सेंट फेरर हे बार्सिलोनात जन्मलेले जेसुइट धर्मगुरू १९५२ साली भारतात आले आणि १९५८ पासून मनमाडच्या परिसरात काम करू लागले. तो मुलूख अवर्षणाचा. विहीर खणेल त्या शेतकऱ्याला ते गहू आणि तेल देत, कर्जाऊ मदत मिळवून देत. मनमाडच्या खडकात विहीर खणणे म्हणजे सुरुंग, पहार आणि महिनोन्‌महिन्यांची अंगमेहनत. पाणी लागेपर्यंत घरची चूल चालली पाहिजे, ही गोष्ट त्यांनी ओळखली होती. काम वाढले तसे लोकांचे प्रेम वाढले आणि विरोधही वाढला. धर्मांतराचा संशय हवेत होताच. न्यायमूर्ती नियोगी यांच्या समितीने १९५६ साली नागपूरहून दिलेल्या अहवालात परदेशी मिशनऱ्यांच्या हेतूंवर कडक ताशेरे ओढले होते. १९६८ साली फेरर यांना देश सोडण्याचा आदेश झाला. त्याविरुद्ध हजारो शेतकऱ्यांनी मनमाडहून मुंबईकडे पायी मोर्चा काढला. अखेर इंदिरा गांधींनी मार्ग काढला: फादर काही काळ सुट्टीवर मायदेशी जातील आणि नंतर परत येतील. ते आलेही, पण मनमाडला नाही. १९६९ साली आंध्रातल्या अनंतपूरने त्यांना जागा दिली. पुढची चाळीस वर्षे, २००९ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत, ते तिथे विहिरी, शाळा आणि दवाखाने बांधत राहिले.

एकाच देशात एका राज्याला नकोसा झालेला माणूस शेजारच्या राज्याला हवासा झाला. आरोप खरे होते तर ते मांडून, तपासून निकाल द्यायचा होता. खोटे होते तर आदेशच निघायला नको होता. प्रत्यक्षात दोन्ही झाले नाही. एका मर्जीने घालवले आणि दुसऱ्या मर्जीने परत घेतले. हॉल आणि नॉट यांना दीडशे वर्षांपूर्वी जे भोगावे लागले त्याहून हे फार वेगळे नव्हते.

आज स्थिती पुष्कळ सुधारली आहे, हे मान्य केले पाहिजे. भारताच्या ई-टुरिस्ट व्हिसावर आता जास्तीत जास्त एक महिन्याचे, कोणताही मोबदला नसलेले स्वयंसेवी काम चालते, असे स्पष्ट लिहिलेले आहे. त्याहून लांबच्या कामाला एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. संस्थेत मानद काम करणाऱ्याला त्यातली किमान पगाराची अट माफ असते, मात्र संस्थेचे नाव आणि कामाचे ठिकाण व्हिसावर नोंदवले जाते. ब्रिटनमध्ये पर्यटक म्हणून गेलेल्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण ३० दिवस स्वयंसेवा करता येते. त्याहून जास्त करायचे तर वेगळा चॅरिटी वर्कर व्हिसा. अमेरिकेत मान्यताप्राप्त धार्मिक किंवा धर्मादाय संस्थेच्या सेवाकार्यासाठी बी-१ व्हिसा मिळू शकतो; अमेरिकेतून पगार घ्यायचा नाही, फक्त खर्चापुरता भत्ता चालतो.

बारकावे मात्र देशागणिक वेगळे आहेत आणि आपली मुले अडकतात ती तिथेच. शेतावर सकाळी चार तास टोमॅटो तोडायचे आणि बदल्यात खोली आणि दोन वेळचे जेवण घ्यायचे, याला तरुण मंडळी सेवा समजतात. न्यूझीलंडचा कायदा खोली आणि जेवण हाही मोबदलाच मानतो, म्हणजे ते काम ठरते आणि पर्यटकाला ते करता येत नाही. कॅनडाच्या नियमात पैसा घेतला नाही तरी स्थानिक माणसाच्या रोजगाराशी थेट स्पर्धा करणारे काम हे कामच धरले जाते. ऑस्ट्रेलियाही हेच विचारतो: तुम्ही नसता तर या कामाला तिथल्या माणसाला मजुरी मिळाली असती का? या प्रश्नामागे न्याय आहे. फुकट राबणाऱ्या पाहुण्यामुळे गावच्या गवंड्याची रोजी बुडत असेल तर त्या सेवेला सेवा म्हणता येणार नाही. नेपाळ आणि कंबोडियात परदेशी स्वयंसेवकांच्या देणग्यांसाठी आईबाप जिवंत असलेली मुले अनाथाश्रमांत ठेवली गेली. त्यामुळे अटी नसाव्यात असे आमचे म्हणणे नाही. अटी समजाव्यात, एवढेच म्हणणे आहे.

याच प्रश्नाची दुसरी बाजू आपल्या घरात आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीबाहेरच्या रांगेत रोज एखादी आजी दिसते. हातात कागदांची फाईल, सुनेचे सातव्या महिन्याचे पत्र, घरी डिंकाच्या लाडवांचे सामान आणून ठेवलेले. खिडकीपलीकडून प्रश्न येतो: कशासाठी जाताय? बाळंतपण करायला, असे म्हणावे की नुसते मुलाला भेटायला? घरच्यांनी चार प्रकारची उत्तरे पढवलेली असतात आणि ती खरे बोलायला घाबरते. नातवाला न्हाऊ घालणे हे काम की माया, असा प्रश्न तिला आयुष्यात कधी पडलेला नसतो. ब्रिटनच्या अधिकाऱ्यांसाठीच्या सूचनांत याचे सरळ उत्तर लिहिले आहे: अल्प काळासाठी नातेवाइकाचे मूल सांभाळायला येणे चालेल, ती पगारी दाई होता कामा नये आणि भेट खरी असावी. असे एक वाक्य प्रत्येक देशाने लिहिले तर हजारो आजी-आजोबांना खोटे बोलावे लागणार नाही.

लिहिलेल्या नियमाचे बळ आपण महाराष्ट्रातच पाहिले आहे. २०२० साली अहमदनगर जिल्ह्यात पर्यटक व्हिसावर आलेल्या तबलिगी जमातच्या २९ परदेशी नागरिकांवर व्हिसाच्या अटी मोडल्याचे गुन्हे दाखल झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते २१ ऑगस्ट २०२० रोजी रद्द केले. धार्मिक स्थळी जाणे आणि प्रवचनाला बसणे यांना व्हिसाच्या नियमावलीत मनाई नाही, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. कोरोनाच्या भीतीच्या त्या दिवसांत लिहिलेली ओळ उपयोगी पडली.

दाद मागण्याच्या बाबतीत मात्र जग मागे चालले आहे. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा परत जाण्याबद्दल खात्री पटली नाही म्हणून नाकारला तर त्यावर अपील नाही. नवा अर्ज करायचा, नवी फी भरायची. ब्रिटनने नातेवाइकांना भेटायला येणाऱ्यांचा अपिलाचा पूर्ण हक्क २०१३ साली काढून घेतला, मोजकी कारणे तेवढी ठेवली. १८१३ साली त्याच पार्लमेंटने दिलेली दाद बरोबर दोनशे वर्षांनी आकसली.

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. मोबदला नसलेले कोणते काम किती दिवस चालेल, हे प्रत्येक देशाने अर्जातच सोप्या भाषेत छापावे. नकार दिला तर कारण लेखी द्यावे आणि त्यावर दाद मागण्याची जागा ठेवावी. आणि भारताने एक महिन्याची मुदत व लांबचा एम्प्लॉयमेंट व्हिसा यांच्यामध्ये तीन-चार महिन्यांची एक पायरी करावी. तिच्यावर संस्थेचे नाव असावेच, पण महापूर किंवा भूकंप आला तर त्या माणसाला शेजारच्या जिल्ह्यात जाता यावे. परदेशांकडून आपण जे मागतो ते आधी आपण द्यावे.

वाचकांनाही एक सांगणे आहे. परदेशी सेवेला निघालेल्या मुलाने, शिबिराला निघालेल्या मुलीने, नातवाकडे निघालेल्या आजीने अर्जातल्या प्रवासाच्या कारणाच्या रकान्यात जे खरोखर करणार आहेत तेच लिहावे. ज्या संस्थेकडे जायचे तिचे पत्र सोबत ठेवावे, राहण्याजेवणाची सोय कोण करणार हे त्यात लिहून घ्यावे आणि दिवस मोजून परतावे. नियम चुकीचा वाटला तर तो बदलून मागावा. तो चुकवून केलेली सेवा मागून येणाऱ्या प्रत्येकाची वाट अडवते.